झेडडीपी-१८९ आणि गंज
झेडडीपी-१८९ आणि व्हीजी-१० ही चाकूच्या पात्यांची दोन पोलादं. झेडडीपी-१८९ ची धार व्हीजी-१० पेक्षा कितीतरी जास्त टिकते, असं म्हणतात, ते पूर्ण मान्य. पण ‘झेडडीपीत २० टक्के क्रोमियम आहे, म्हणजे गंजाची चिंता नाही’ असंही म्हणतात, ते पटलं नाही. या पोलादात कार्बनही ३ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तो बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बन-क्रोमियमच्या कठीण कणांमध्ये, अडकवून ठेवतो. गंज अडवायला मोकळं क्रोमियम लागतं, ते कमीच उरतं. व्हीजी-१० मध्ये क्रोमियम १५ टक्केच, पण कार्बन साधारण १ टक्का. माझ्याकडे दोन्ही पोलादांचे चाकू आहेत. कैरी कापून पातं तसंच राहिलं की झेडडीपीवर डाग उमटतात, व्हीजी-१० वर नाही. त्यामुळे पावसाळ्यात खिशात व्हीजी-१० च असतो.

पुठ्ठा आणि दोरी कापायला मात्र झेडडीपीच घ्या, फक्त धार लावायला डायमंडचा दगड हवा.