खाजण, खार आणि गाळ : खाडीकाठच्या तीन शब्दांविषयी

प्रश्न : 'खाजण' म्हणजे खाडीकाठची दलदल असे काही ठिकाणी वाचले, गोव्याविषयीच्या लेखनात मात्र खाजणात भात पिकते असे म्हटलेले असते. नेमका अर्थ कोणता? 'खार' हा त्याचाच पर्याय समजावा का?

उत्तर : दोन्ही अर्थ खरे आहेत, फरक प्रदेशाचा आहे. रायगडकडे भरतीचे पाणी जिच्यावर मोकळेपणी चढते-उतरते आणि जिच्यात तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, वाढतात, त्या चिखलवट जमिनीला खाजण म्हणतात. तिच्याभोवती बांध घालून, आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी पण भरतीला आत न घेणारी उघाडी बसवली आणि पावसाने मातीतले मीठ धुऊन निघाले, की तीच जमीन खार होते. गोव्यात मांडवी-जुवारीच्या काठी मात्र बांधाच्या आतल्या शेतालाच खाजन म्हणतात, आणि तिथल्या उघाडीचे नाव मानस. त्यामुळे कोकणाविषयी लिहिताना खार आणि खाजण हे पर्याय म्हणून वापरू नयेत.

हा भेद जपायला हवा, कारण बांध पडताच खाडीची घडणच बदलते. पूर्वी भरतीबरोबर पसरणारे पाणी आता पात्रातच राहते. आत येणारे पाणी कमी झाल्याने ओहोटीचा ओढ मंदावतो आणि पात्रात चिखल बसू लागतो. उलट बांधाच्या आत नवा चिखल येणे थांबते, म्हणून जुनी खार मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खोलगट राहते. अलिबाग-पेण भागात बांधांना खांडी पडून, त्या वेळेवर न बुजवल्याने, भाताच्या खाचरांत तिवरे उभी राहिली आहेत. खार पुन्हा खाजण झाली असे म्हणता येते खरे, पण ज्याच्या सातबाऱ्यावर ती शेती आहे त्याला त्या वाक्याची काय किंमत मोजावी लागते, हे लिहिणाऱ्याने विसरू नये. महाराष्ट्रात खारभूमी विकासाचा कायदा १९७९ सालचा आहे. 'खारभूमी' हा त्या सरकारी व्यवहारातला शब्द, गावात मात्र 'खार'च चालतो.

पुरवणी प्रश्न : खाडीतून रेती काढण्याला 'गाळ काढणे' म्हणावे का?

उत्तर : म्हणू नये. व्यापक अर्थाने रेतीही गाळच, पण खाडीत दोघांची चाल वेगळी असते. बारीक चिखल पाण्यात तरंगत भरती-ओहोटीबरोबर ये-जा करतो, त्यामुळे उपसलेल्या जागी तो पुन्हा साठतो. नदीची जाड रेती मुख्यतः पुराबरोबर वरून, तळाला घासत येते. वर धरण असेल तर ती तिथेच अडते. डुबी मारून हातपाटीने काढलेली रेती आणि सक्शन पंपाने रात्रंदिवस ओढलेली रेती यांतही मोठे अंतर आहे. पंपाने तळाला खड्डे पडतात, काठ खाली ढासळतात, खोल झालेल्या पात्रातून खारे पाणी आणखी वर शिरते. 'गाळ काढला' या शब्दांत साफसफाईचा भाव आहे, म्हणून अशा ठिकाणी 'रेतीउपसा' असेच स्पष्ट लिहावे.