पत्रिकेत 'संगीत: पारंपरिक' कुणी लिहिलं?

प्रेषक: सांस्कृतिक समिती
विषय: नाट्यसंध्या – पत्रिकेचा शेवटचा मसुदा

मंडळी, नमस्कार.

पत्रिका शुक्रवारी छापायला जातेय. मजकूर असा: "नाना फडणवीसांच्या जीवनावर आधारित गाजलेलं नाटक 'घाशीराम कोतवाल' (निवडक प्रवेश). लेखक: विजय तेंडुलकर. संगीत: पारंपरिक. नृत्य व दिग्दर्शन: आपलेच सभासद." खाली कलाकारांची नावं, मागच्या पानावर जाहिराती.

चुका गुरुवारपर्यंत कळवा. शुद्धलेखनाच्याच, कृपया. गेल्या वर्षी मेनूवरून ६२ मेल आले होते.

प्रेषक: कोथरूडचे काका
विषय: उत्तर: नाट्यसंध्या – पत्रिकेचा शेवटचा मसुदा

शुद्धलेखन चोख आहे. अभिनंदन. बाकी दोन घोडचुका आहेत.

पहिली, "संगीत: पारंपरिक". अहो, परंपरेने काय एका रात्रीत बसून चाली बांधल्या? त्या चाली भास्कर चंदावरकरांच्या आहेत. रविशंकरांकडे सतार शिकलेला माणूस, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचा. त्यांनी कीर्तन, अभंग, लावणी सगळं एका माळेत असं ओवलं की देवळातून बावन्नखणीत, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीत, कधी पोचलो ते प्रेक्षकाला कळूच नये. नाटकाचा अर्धा टोमणा त्या चालींतच आहे. तोंडात हरिनाम आणि पाय भलतीकडे, हे शब्दांनी सांगायला तेंडुलकरांना पानं लागली असती. चंदावरकर ते चाल बदलून सांगतात. आपले पेटीवाले गेले दोन महिने जुनं रेकॉर्डिंग ऐकून तेच वाजवताहेत, आणि श्रेय कुणाला? परंपरेला!

दुसरी, नृत्य. आपल्या मुलांनी मेहनत घेतली आहे, मी तालमीला येऊन बघितलंय. पण ती झुलणारी माणसांची भिंत कृष्णदेव मुळगुंदांनी बसवली. पुस्तक उघडून बघा, तिथे ती दोन-चार ओळींत संपते. रंगमंचावर तीच वाडा होते, देऊळ होते, रस्ता होते, आणि पाठ फिरवली की पडदाही होते. पुण्यात कॉलेजात असताना मी हे नाटक पाहिलं. संवाद आज धड दोन आठवत नाहीत, पण त्या पाठी आठवतात. नाना पोरीच्या मागे धावतोय आणि सगळं पुणं पाठमोरं उभं राहून डोलतंय. सभ्य लोक काय करतात ते तिथे कळलं.

दिग्दर्शक जब्बार पटेल तेव्हा मुलांचे डॉक्टर, नाना झालेले मोहन आगाशे मनोविकारांचे डॉक्टर, घाशीराम रमेश टिळेकर. नाटक धंद्यातल्या कुणी नव्हे, हौशी लोकांनी उभं केलं. म्हणजे आपल्यासारख्याच. (आपल्यासारखे म्हणजे हौशी एवढ्यापुरतंच.) पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर, संस्था पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन). १९ प्रयोग झाले आणि संस्थेनेच नाटक थांबवलं. मग ही सगळी पोरं बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. एकट्या लेखकाचं नाटक असतं तर एवढे जण संस्था सोडून गेले असते का?

नावं घाला. जागा नसेल तर माझं नाव काढा, मी तसाही फक्त चहावर आहे.

प्रेषक: वाईकर
विषय: उत्तर: उत्तर: नाट्यसंध्या

काका, चंदावरकर-मुळगुंदांबद्दल शंभर टक्के सहमत. पण "नाना फडणवीसांच्या जीवनावर आधारित" हे वाचून मला चहा गेला नाही, त्याचं काय?

माझं आजोळ मेणवलीजवळ. नानांचा वाडा आणि कृष्णेचा घाट बघत सुट्ट्या गेल्या. पानिपतातून जीव वाचवून आलेला पोरगा, पुढे बारभाईंचं राजकारण, सालबाईचा तह, पंचवीसेक वर्षं इंग्रजांना झुलवत ठेवणं. यातलं काय आहे या नाटकात? बायकांच्या मागे लागणारा म्हातारा आहे. माझी मुलगी इथे परदेशात जन्मली. तिला नाना फडणवीस पहिल्यांदा भेटणार ते आपल्या हॉलमध्ये, कंबर हलवत. आणि पत्रिका सांगणार, हे त्यांचं जीवन.

नाटक करू नका असं म्हणत नाही. १९८० मध्ये हे नाटक युरोपात निघालं तेव्हा विरोध कोर्टापर्यंत गेला होता, आणि प्रयोगाआधी निवेदन वाचायचं अशी तडजोड झाली. तेव्हा परदेशी लोकांसाठी वाचलं, आता आपल्या परदेशी पोरांसाठी वाचा. मी लिहून देतो.

प्रेषक: भिंत क्रमांक ७
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: नाट्यसंध्या

मी बारातली सातवी. मूळ भिंतीत सगळे पुरुष होते, आमच्यात सात बायका आहेत, कारण पुरुष सभासदांना मंगळवारी क्रिकेट असतं.

काकांचं म्हणणं मला गुडघ्यांत कळतंय. पहिल्या तीन तालमींत आम्ही नुसतेच डोलत होतो आणि तालीम बघायला आलेली आमची लेक म्हणाली, आई, तुम्ही बसची वाट बघताय का? मग रेकॉर्डिंग थांबवून थांबवून पाहिलं. सगळे एकाच वेळी डोलत असले तरी श्वास गाण्याबरोबर घेतात. वजन आधी टाचेवर जातं, मान मागाहून येते. भिंत फुटते तीही तालावरच, नाहीतर मागचा नाना आधीच दिसतो. आमचा दिसला होता, पाणी पिताना. हे कुणीतरी एकेका पायाला शिकवलं असणार. "नृत्य: आपलेच सभासद" वाचून मला लाज वाटली. आम्ही नक्कल केली आहे, तीही निम्मी.

वाईकर दादा, रागावू नका, पण तुमच्या नानांना तेंडुलकरही चरित्र म्हणत नाहीत. हे ऐतिहासिक नाटक नव्हे असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. मोरोबा कान्होबांच्या १८६३ च्या पुस्तकातला घाशीराम त्यांनी उचलला, पण गोष्ट सांगितली ती सत्ता आपल्या सोयीसाठी एखाद्याला मोठं करते आणि नकोसा झाला की जमावापुढे टाकते त्याची. म्हणून तर नाना शेवटी शाबूत राहतो. तुम्हाला राग येतो तो संवादांमुळे नाही येत, आगाशेंचा नाना मोहक होता म्हणून येतो. वाईट दिसला असता तर कोर्टात कोण गेलं असतं?

निवेदन वाचा, पण छोटं. आम्ही पडदा उघडायच्या आधीपासून उघड्या पायांनी उभे असतो.

प्रेषक: वाईकर
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: नाट्यसंध्या

चार ओळी. सालबाई काढतो, पानिपत ठेवतो.

प्रेषक: सांस्कृतिक समिती
विषय: पत्रिका – आता खरंच शेवटची

मंडळी,

कळवलेल्या चुकांत शुद्धलेखनाची एकही नव्हती, तरी दुरुस्ती केली आहे. "जीवनावर आधारित" गेलं. आता असं आहे:

"घाशीराम कोतवाल (निवडक प्रवेश). लेखक: विजय तेंडुलकर. मूळ दिग्दर्शन: जब्बार पटेल. मूळ संगीत: भास्कर चंदावरकर. मूळ नृत्यरचना: कृष्णदेव मुळगुंद. प्रथम प्रयोग: पुणे, १९७२. मूळ प्रयोगावरून आपल्या सभासदांनी बसवलेलं."

"पारंपरिक" मीच लिहिलं होतं. फाइलमध्ये संगीताचा रकाना रिकामा दिसला आणि कीर्तन ऐकू आलं, म्हणून. या चार ओळींसाठी साडीच्या दुकानाची जाहिरात अर्ध्या पानावरून पाव पानावर आणावी लागली. दुकानाच्या काकू नाराज आहेत, त्यांना पहिल्या रांगेतली दोन तिकिटं दिली आहेत. कोथरूडच्या काकांचं नाव चहापुढे कायम आहे.

वाईकरांचं निवेदन पडदा उघडण्याआधी, एक मिनिट. वाचणार वाईकरच.

आता मुख्य प्रश्न. धोतरं नऊ जमली आहेत, बारा हवीत. शेंड्या पंधरा आल्या आहेत, का ते विचारू नका. हॉलवाले हीटिंग सहा वाजताच बंद करतात आणि भिंतीतले पाच पुरुष उघडे असणार आहेत, तेव्हा विंगेत ठेवायला कुणाकडे हीटर असेल तर आजच कळवा. फक्त मला, सगळ्यांना नको.