एलटीएनमुळे कडेच्या रस्त्यावरची बस लांबते का? मोजायचं कसं?

थांबा_क्रमांक_एन

लंडनमधल्या एका लो ट्रॅफिक नेबरहूडचा (वस्तीतल्या गल्ल्यांतून आरपार जाणारी वाहनं रोखणारी योजना; पुढे एलटीएन) अहवाल वाचतोय. गल्ल्यांच्या तोंडाशी कुंड्या, दोन ठिकाणी एएनपीआर (नंबरप्लेट वाचणारे) कॅमेरे. आतली वाहनं बरीच कमी झालीत. योजनेच्या हद्दीवरच्या, म्हणजे कडेच्या मुख्य रस्त्यावर वाहनं मोजायला रबरी नळीचे काउंटर टाकले होते, तिथे वाढ ६-७ टक्के, म्हणून "लक्षणीय परिणाम नाही" असा निष्कर्ष. पण त्याच रस्त्याने जाणाऱ्या बसगाड्यांची फेरी संध्याकाळी चांगलीच लांबल्याची तक्रार आहे.

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का? आणि बसच्या वेळेचा खरा आकडा काढायचा तर नेमका कुठला डेटा मागायचा?

हिरवा_तीस_सेकंद

असू शकतं, आणि त्यासाठी कुणाला खोटं बोलावं लागत नाही. साधा हिशोब करा.

एका लेनमधून सलग हिरवा असेल तर तासाला साधारण १८०० गाड्या सुटतात. ९० सेकंदांच्या चक्रात तुमच्या बाजूला ३० सेकंद हिरवा मिळत असेल, तर क्षमता ६००. आधी तासाला ५६० गाड्या येत होत्या, निघून जात होत्या. गल्ल्या बंद झाल्यावर ६४० यायला लागल्या. सिग्नलमधून जाणार ६००च. तासाच्या शेवटी ४० गाड्या तुंबलेल्या, मिनिटाला १० सुटतात, म्हणजे शेवटी आलेल्या बसला नेहमीपेक्षा ४ मिनिटं जास्त. गर्दी दुसऱ्या तासातही तशीच राहिली तर ८.

आता काउंटर काय दाखवेल? सिग्नल ओलांडल्यावरच्या बाजूला असेल तर ५६० वरून ६००. वाढ ७ टक्के! तो मागणी मोजतच नाही, चौकाची क्षमता मोजतो. आणि नळी रांगेतच पडलेली असेल तर आणखी वाईट. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असताना नळीला चाकांचे ठोके नीट मिळत नाहीत, गाड्या गाळल्या जातात. म्हणजे कोंडी वाढली की आकडा उलट कमी दिसू शकतो.

म्हणून अहवालात पहिलं बघायचं ते काउंटरची जागा आणि त्याच नळीने नोंदवलेला वेग. सरासरी वेग ताशी १० किमीच्या खाली असेल तर त्या तासाचा आकडा बाजूला ठेवा.

डेपो_टू_डेपो

वरच्या हिशोबाला +१. डेटाचं मी सांगतो.

लंडनच्या प्रत्येक बसवर आयबस (बस कुठे आहे ते टिपणारी यंत्रणा) आहे, त्यामुळे थांबा ते थांबा लागलेला वेळ टीएफएलकडे (लंडनची वाहतूक संस्था) नोंदलेला असतो. माहिती अधिकारात (तिथला कायदा २००० चा, उत्तराची मुदत कामाचे २० दिवस) मागता येतो. फक्त "अमुक मार्गाचा प्रवासवेळ" असं मोघम मागू नका. मार्ग १२ किमीचा आणि एलटीएनची कड दीड किमीची असेल, तर अख्ख्या मार्गाच्या सरासरीत ४ मिनिटं विरघळून जातात. अर्जात हे लिहा: मार्ग क्रमांक, दिशा, कोणत्या थांब्यापासून कोणत्या थांब्यापर्यंत, तासवार, फक्त मंगळवार ते गुरुवार, तारखा. आणि सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) व ९०वा शतमक (दहातल्या नऊ फेऱ्या ज्याच्या आत होतात तो वेळ) मागा. प्रवाशाला आणि वेळापत्रकवाल्याला छळतो तो ९०वा.

आधी-नंतरची तुलना शाळेच्या सत्राशी सत्राचीच करा. सुट्टीचा आठवडा एकीकडे आणि सत्राचा दुसरीकडे असेल तर सगळं मुसळ केरात. योजना सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे वगळलेले बरे, लोक अजून नवीन वाट शोधत असतात. २०२० मध्ये आलेल्या योजनांना तर "आधी" म्हणून २०२० घेताच येत नाही, लॉकडाउनमुळे रस्ते ओस होते.

मग त्याच मार्गाचा, एलटीएनपासून दूरचा एक तुकडा तुलनेला घ्या. कडेचा तुकडा ११ मिनिटांवरून १५ वर गेला आणि दूरचा ११ वरून १२ वर, तर योजनेच्या खात्यात ३ मिनिटं, ४ नाही. ताशी २० मैलांची मर्यादा, गॅसवाल्यांची खोदाई, हे याच वेळी येऊन बसलेलं असतं.

दोन गोष्टींनी हमखास फसगत होते. एक, "सेवा नियमित करण्यासाठी बस थांबवली आहे" ही घोषणा. अंतर राखायला बस मुद्दाम रोखलेली असते, तो वेळ कोंडीचा नाही. ड्रायव्हर बदलतो तो थांबाही तसाच. असे थांबे तुकड्याच्या आत येऊ देऊ नका. दोन, वक्तशीरपणाचे आकडे. वेळापत्रकातच ४ मिनिटं वाढवून दिली की बस पुन्हा "वेळेवर" दिसते. दर १२ मिनिटांना किंवा त्याहून लवकर येणाऱ्या मार्गांवर टीएफएल जादा प्रतीक्षावेळ मोजते, तोही नवीन वेळापत्रकाशीच ताडलेला असतो. त्यामुळे फक्त प्रत्यक्ष धावण्याची मिनिटं.

आणि ४ मिनिटं म्हणजे किरकोळ नाही. पूर्ण फेरी १०० मिनिटांची, दर १० मिनिटांनी बस, म्हणजे १० गाड्या. दोन्ही दिशांना ४-४ वाढली की फेरी १०८. मग एक तर अकरावी गाडी आणि तिचे ड्रायव्हर आणा, नाही तर दर १०.८ मिनिटांनी सोडा. कडेपासून चार मैल दूर राहणाऱ्यालाही बस उशिरा मिळते, आणि त्याला एलटीएन कुठे आहे ते माहीतही नसतं.

कडेकडेने

सरसकट "लांबते" किंवा "लांबत नाही" असं कुणी म्हणत असेल तर सोडून द्या. वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी लंडनच्या ११ बरोंमधल्या (पालिका विभागांमधल्या) ४६ योजनांचे काउंटर तपासले होते (२०२३). आतल्या रस्त्यांवर मोठी घट, कडेच्या रस्त्यांवर सरासरीत जवळपास काहीच नाही. पण ती सरासरी कुठे वाढ, कुठे घट मिळून आली होती. आणि ती वाहनसंख्या होती, बसची मिनिटं नव्हेत.

बिघडलेलं उदाहरण म्हणजे दक्षिण लंडनमधली स्ट्रेटम वेल्सची योजना. लॅम्बेथ काउन्सिलने २०२३ च्या शरद ऋतूत सुरू केली, मार्च २०२४ मध्ये थांबवली. कडेच्या ए-२३ या मुख्य रस्त्यावर तीन मैलांहून कमी अंतराला एका बसला दोन तास लागल्याची बातमी झाली होती. ती टोकाची फेरी, रोजची नव्हे; शिवाय त्या रस्त्यावर कामंही चालू होती. पण मुळातली अडचण वेगळी. आतल्या गल्ल्या काउन्सिलच्या, ए-२३ टीएफएलचा, आणि लंडनभरचे सिग्नलही टीएफएलच चालवते. एकाने गल्ली बंद केली तर दुसऱ्याने त्याच आठवड्यात सिग्नलची वेळ बदलायला हवी.

ऑक्सफर्डचा प्रश्न निराळा. पूर्व ऑक्सफर्डची योजना २०२२ ची. काउली रोड, इफ्ली रोड आणि सेंट क्लेमेंट्स हे तिन्ही रस्ते 'द प्लेन' नावाच्या एकाच गोल चौकात येऊन मिळतात, पुढे मॉडलिन पूल. गल्ल्यांतून तिरपं निघता येईना, म्हणून सगळी रहदारी या तीन रस्त्यांवर. तिथे सिग्नलच नाही, तर बसच्या बाजूला हिरवा वाढवणार कुठून? बस कंपन्यांनी ओरड केली ती याच पट्ट्याबद्दल.

थांबा_क्रमांक_एन

धन्यवाद. माहिती अधिकाराचं उत्तर येईपर्यंत टीएफएलच्या खुल्या एपीआयवरून (प्रोग्रॅमने थेट डेटा मागायची सोय) स्वतः नोंद करता येईल का? आणि लांबते हे सिद्ध झालं तर योजना काढून टाकणं हा एकच उपाय?

डेपो_टू_डेपो

येईल, पण एपीआय अंदाज देतं, प्रत्यक्ष आगमन नाही. दर ३० सेकंदांनी दोन्ही टोकांच्या थांब्यांची विचारणा करा. प्रत्येक ओळीत गाडीचा नंबर आणि थांब्याला पोचायला उरलेले सेकंद येतात. गाडी यादीतून गायब होण्याआधीचा शेवटचा अंदाज तो आगमनवेळ धरा. दोन्ही थांब्यांवरचा तोच नंबर जुळवा, वजाबाकी करा. अर्ध्या मिनिटाची चूक राहते, म्हणून एक किमीपेक्षा छोटा तुकडा घेऊ नका. शेवटचा अंदाज ६० सेकंदांच्या वरचा असताना गाडी गायब झाली, तर ती फेरी मधेच तोडलेली असू शकते. टाकून द्या. अर्थात "आधी"चा डेटा यातून मिळणार नाही, त्याला अर्जच.

हिरवा_तीस_सेकंद

काढून टाकणं हा शेवटचा उपाय. आधी रांग कुठल्या वळणामुळे लागते ते चौकात उभं राहून बघा, संध्याकाळी पाच ते सात. बहुतेक वेळा उजवीकडे वळणाऱ्यांमुळे. पूर्वी चार गल्ल्यांत वाटलेली वळणं आता एकाच चौकात येतात, आणि तिथे उजव्या वळणाला वेगळी जागा नसेल तर दोन-तीन गाड्या अख्खी लेन अडवतात. तिथे उजवं वळण बंद करा, किंवा स्टॉपलाइनआधीचं २०-३० मीटर पार्किंग काढून वळणाची लेन आखा. वरच्या उदाहरणात हिरवा ३० चा ३३ सेकंद केला तरी क्षमता ६६० होते आणि ६४० गाड्या निघून जातात. फक्त ते ३ सेकंद आडव्या रस्त्याचे जातात, तिथे बस असेल तर तिचाही हिशोब करा.

बस लेन असेल तर ती स्टॉपलाइनच्या किती आधी संपते ते मोजा. ढोबळ नियम: हिरव्या सेकंदांच्या दुप्पट मीटर, म्हणजे ३० सेकंदांना ६० मीटर. त्याहून फार आधी संपत असेल तर बस त्याच रांगेत अडकते. आणि आतल्या एखाद्या रस्त्यावरून बस जात असेल तर तिथे कुंडी नको, कॅमेऱ्याचं बस गेट (बसला मोकळं, गाड्यांना बंद) ठेवा. तेवढ्या पट्ट्यात तरी बसला गाड्यांची रांग लागत नाही, आणि ती ३ मिनिटं तिथेच वसूल होऊ शकतात.