कुंपण निघाले, तरी हरणे पलीकडे का जात नाहीत?

रानवाट: चेक प्रजासत्ताक आणि जर्मनी यांच्या सीमेवरील शुमावाच्या जंगलात शीतयुद्धाच्या काळी तारांच्या तीन समांतर रांगा होत्या आणि काही वर्षे त्यांत वीजही सोडलेली होती. १९८९ नंतर ती कुंपणे काढून टाकण्यात आली. तरीही गळ्यात जीपीएस पट्टा बांधलेल्या रेड डिअर जातीच्या हरणांच्या (आपल्या सांबराच्या नात्यातली ही जात) फिरण्याचा माग घेतला, तेव्हा बरीचशी हरणे जुन्या रेषेपाशी येऊन माघारी वळत असल्याचे दिसले. हे हरीण साधारण १५ वर्षे जगते. म्हणजे माग घेतलेल्यांपैकी कोणी त्या तारेला नाक लावलेले असणे कठीण. मग ही हद्द त्यांना कोणी सांगितली?

पाणवठा: आईने. पाडस पहिले वर्षभर आईच्या मागे हिंडते. ती जिथवर चरायला जाते तिथवरचे रान त्याच्या ओळखीचे होते आणि पुढे त्याच्या पाडसालाही तेच वळण लागते. नुसती भीती असती, तर एखाद्या धीट मादीने ती केव्हाच मोडली असती.

सीमापार: शुमावात निदान वाट तरी मोकळी आहे. पोलंडने निर्वासितांना अडवण्यासाठी २०२२ मध्ये बेलारूसच्या सीमेवर १८६ किलोमीटर लांब आणि साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत उभी केली, आणि ती बियालोविएझाच्या जागतिक वारसा असलेल्या अरण्यातूनही जाते. तिथल्या बायसनचे कळप सोव्हिएत काळातील कुंपणाने आधीच विभागले होते. माझ्या मते खरी चिंता लिंक्सची आहे, कारण संख्येने मोजक्या असलेल्या या रानमांजराला फिरायला फार मोठा मुलूख लागतो.

दोडामार्गकर: आमच्याकडे प्रकार उलटा आहे. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले, त्यांना कोणतीही भिंत आडवी आली नाही. हत्ती रात्रीत माड आडवा करून आतला कोवळा कोंब तेवढा खातो आणि उजाडायच्या आत दुसऱ्या राज्याच्या रानात शिरतो. त्याला हुसकावणाऱ्या पथकाचा अधिकार मात्र हद्दीच्या दगडापाशी संपतो.

रानवाट: पाणवठा, नरही असेच माघारी वळतात का?

पाणवठा: वयात आलेले तरुण नर आईचा कळप सोडून लांब जातात. त्यामुळे ती रेषा पुसली जायची असेल, तर सुरुवात बहुधा त्यांच्याकडूनच होईल. माद्या आणि त्यांच्या मागची पाडसे सर्वांत शेवटी ओलांडतील.