नळाचे पाणी: काठिण्य आणि गुणवत्तेचे तुमचे अनुभव

ओंजळ
परवा गीझर दुरुस्तीसाठी उघडला, तेव्हा कॉइलवर पांढऱ्या क्षारांचा बोटभर जाड थर बसलेला निघाला. कारागिराने तो ठोकून पाडला. एक तुकडा हातात घेऊन पाहिला, तर त्याच्या आतल्या बाजूला कॉइलच्या वळणाचा गुळगुळीत ठसा होता आणि बाहेरची बाजू खरखरीत होती. लहानपणी पाणी तापवण्याच्या पातेल्याला असाच थर धरत असे आणि आई तो तासन्‌तास घासत असे, हे एकदम आठवले. घरात तेव्हा सगळे एवढेच म्हणत की पाणी वाईट आहे. पाणी जड असणे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असणे (यालाच काठिण्य म्हणतात), आणि पाणी दूषित असणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. परंतु त्यांची गल्लत अजूनही घरोघरी होते, नको ती यंत्रे बसवली जातात आणि करायला हवी ती तपासणी राहून जाते, याची मला मनापासून काळजी वाटते. आपापले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

रानवाट
पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की त्याचे कार्बोनेट होते, आणि हे कार्बोनेट पाणी जितके गरम तितके कमी विरघळते. म्हणून थर नेमका तापणाऱ्या भागावरच धरतो. तो उष्णता अडवतो, आत कॉइल अधिकाधिक तापत जाते आणि शेवटी जळते. नळाच्या जाळ्या आणि शॉवर आम्ही सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात बुडवून ठेवतो. फसफसत फसफसत थर सुटू लागतो. एक कळकळीची विनंती आहे: आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

निळीशाई
केस राठ होतात, साबणाचा फेस होत नाही, बादलीला राखाडी कड धरते. वर्षानुवर्षे हेच चालले आहे.

परीक्षानळी
निळीशाई, ती राखाडी कड म्हणजे साबण आणि कॅल्शियम यांचा न विरघळणारा साका आहे. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम संपेपर्यंत साबण त्यातच खर्ची पडतो आणि मगच फेस येतो. कपड्यांच्या डिटर्जंटला हा त्रास बराच कमी होतो.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे. काठिण्य मोजताना नमुन्यात एक सूचक, म्हणजे रंग बदलून दाखवणारे रसायन, घालतात, त्याने पाणी मद्यासारखे लाल होते. मग ईडीटीए या कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून घेणाऱ्या रसायनाचे द्रावण थेंबथेंब सोडत जायचे, आणि एका क्षणी एकाच थेंबाने तो रंग स्वच्छ निळा होतो. किती द्रावण लागले, त्यावरून काठिण्य निघते आणि ते लिटरमागे मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असे लिहितात. एका रूढ वर्गवारीनुसार ६० पर्यंतचे पाणी मृदू, १२० पर्यंतचे मध्यम, १८० पर्यंतचे जड आणि त्यापुढचे फार जड समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने काठिण्यासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. जड पाण्याने भांडी, यंत्रे आणि कपडे यांचे हाल होतात. परंतु ते पिणारा माणूस त्यामुळे आजारी पडतो असे नाही.

पाणपोई
आमच्या इमारतीत आयन बदलणारे सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मृदू करणारे यंत्र, बसवले, तेव्हा शेजारी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देणारे उपकरण) घेऊन आले आणि आकडा जवळजवळ तोच आहे म्हणून फसवणूक झाल्याचे म्हणू लागले. वस्तुतः हे यंत्र क्षार काढून टाकत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन त्या जागी सोडियम देते, आणि मीटर तर फक्त पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. काठिण्य १०० ने उतरले, तर लिटरमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते. सासऱ्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले असल्यामुळे आम्ही स्वयंपाकघराचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या वाहिनीवर ठेवला आहे.

सांजवेळ
आमच्या धाकट्याला जुलाब झाले, त्या आठवड्यात मीटर अगदी उत्तम आकडा दाखवत होता. पुरवठा काही तासच असतो. वाहिनी रिकामी झाली की तिच्यातला दाब जातो आणि गळतीच्या जागांतून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. आमच्या गल्लीत नेमके हेच झाले होते, आणि तक्रार करूनही दुरुस्तीला फार वेळ लागला. जंतू मीटरला दिसत नाहीत, शिसे आणि आर्सेनिक घातक प्रमाणात असले तरी दिसत नाहीत. नळाच्या टोकाशी जंतू मारणारे क्लोरीन शिल्लक आहे का, हे मी आता तपासणी संचाने स्वतः पाहते.

ओंजळ
सांजवेळ, वाचून फार वाईट वाटले. बाळ आता बरे आहे ना?

सांजवेळ
हो, आता अगदी ठणठणीत आहे. विचारलेत, बरे वाटले.

दवबिंदू
आमच्याकडे कधीकधी पाणी दुधासारखे पांढरे येते, ते क्षारांमुळे असेल का?

परीक्षानळी
काचेच्या पेल्यात घेऊन थोडा वेळ ठेवा. पाणी तळाकडून वर निवळत गेले, तर ते हवेचे बारीक बुडबुडे आहेत, त्यांची चिंता नको. तळाशी गाळ बसला, तर मात्र तपासणी करून घ्या. तांबूस पाणी बहुधा लोहामुळे असते, काळसर असेल तर मँगनीजची शंका घ्यावी.

वळणवाट
मृदू पाणी म्हणजे चांगले पाणी, असेही नसते. मृदू आणि किंचित आम्लधर्मी पाणी वाहिन्यांचा धातू खाते. अमेरिकेतील फ्लिंट शहराने २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि वाहिन्यांची झीज रोखणारे रसायन घातले नाही, तेव्हा नदीच्या त्या अधिक झिजवणाऱ्या पाण्यामुळे जुन्या वाहिन्यांतले शिसे घरोघरच्या नळांत उतरले. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी रात्रभर वाहिनीत साचलेले पाणी पिण्यासाठी न घेता काही वेळ वाहू द्यावे आणि ते झाडांना किंवा लादीला वापरावे.

दवबिंदू
पेल्यातले पाणी तळाकडूनच निवळले, त्यामुळे मोठा दिलासा मिळाला. तरीही एकदा जंतूंची तपासणी करून घ्यावी असे वाटते. नमुना घरच्या बाटलीत न्यावा का?

परीक्षानळी
नको. प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली मागून घ्या, तोंडाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, जाळी काढून नळ पुसा आणि थोडे पाणी वाहू देऊनच बाटली भरा. ती गार ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. काठिण्यासाठी मात्र स्वच्छ धुतलेली साधी बाटली चालते, तेव्हा दोन्ही नमुने एकाच फेरीत देता येतील.