बायबलवरचे अ‍ॅनिमेशनपट: आधी वाचन की आधी सिनेमा?

संडेस्कूलवाली:
माझ्या संडे स्कूलच्या वर्गात आठ ते अकरा वयाची चौदा मुलं आहेत. मागच्या महिन्यात प्रश्नमंजूषा घेतली. 'बाळ मोशेला नदीतून कोणी काढलं?' नऊ जणांनी लिहिलं, 'राणीने'. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात सरळ लिहिलंय, फारोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, मुलीने. पण सगळ्यांनी 'द प्रिन्स ऑफ इजिप्त' पाहिलेला, आणि त्यात राणीच असते. मी अर्धा मार्क दिला, तर एक मुलगी वहीच घेऊन आली. "टीचर, मी स्वतः पाहिलंय!" आता काय बोलणार?

आम्ही कथेत थोडं स्वातंत्र्य घेतलंय, मूळ गोष्ट निर्गममध्ये वाचा, अशी पाटी त्या लोकांनी 1998 सालीच सिनेमाच्या सुरुवातीला लावलीय. ती वाचतंय कोण? पोरं तोवर नीट बसलेलीही नसतात.

हे सिनेमे वर्गात दाखवावेत का? आणि दाखवायचे तर वाचनाच्या आधी की नंतर?

दोघांची_आई:
आमच्याकडे याच्या उलट झालं. धाकट्याने कुठल्यातरी कार्टूनमध्ये दावीद-गल्याथ पाहिलं. पोरसवदा दावीदचा गोटा लागतो, धिप्पाड गल्याथ धाडकन पडतो, डोक्याभोवती चांदण्या फिरतात, संपलं. त्याने चित्र काढलं, त्यात गल्याथ पांघरूण घेऊन झोपलेला. मग एका रात्री थोरल्याने बायबलमधलं 1 शमुवेल 17 मोठ्याने वाचलं आणि 51 व्या वचनाशी पोचला. दावीद गल्याथचीच तलवार उपसून त्याचं मुंडकं उडवतो. धाकटा दोन मिनिटं गप्प, मग रडारड. पाच वर्षांच्या पोराला झोपलेला गल्याथच बरा, असं आपलं मला वाटतं.

जुना_वाचक:
आधी वाचन. ताई, राणीचं एवढं मनावर घेऊ नका, तो बदल मुद्दाम केलेला आहे. मुलीने दत्तक घेतलं तर फारोचा मुलगा मोशेचा मामा होतो. राणीने घेतलं की दोघे भाऊ होतात, आणि अख्खा सिनेमा त्या भावांवरच उभा आहे. (सिनेमात तोच भाऊ पुढे फारो होतो, रामसेस नावाने. बायबलमध्ये त्या फारोचं नावसुद्धा नाही.) फारोपुढे उभं राहताना मोशे 80 वर्षांचा आणि त्याचा भाऊ अहरोन 83 चा, हेही सोडून देतो. म्हाताऱ्यांचा सिनेमा कोण काढणार!

मला खटकतं ते वेगळंच. सिनेमात गुलामाला मारणारा इजिप्शियन मुकादम मोशेच्या हातून मरतो तो जवळजवळ अपघाताने. निर्गम 2:12 वाचा. मोशे इकडेतिकडे बघतो, कोणी नाही अशी खात्री करतो, मारतो आणि वाळूत पुरतो. देवाने निवडला तो असा माणूस. तेच पुसून टाकलं तर राहिलं काय?

रविवार_दुपार:
मला भाज्यांचे सिनेमे त्यातल्या त्यात निर्धोक वाटतात. 'व्हेजीटेल्स'च्या 2002 च्या सिनेमात माशाच्या पोटात गेलेला योना झालाय अ‍ॅस्परॅगसचा कोंब. खरा योना असाच दिसायचा, असं कुठलंही पोर समजत नाही. माणसांची चित्रं सुंदर असली की घोटाळा, ती डोक्यात पक्की बसतात.

मोठ्या मुलांना येशूवरचा 'द मिरॅकल मेकर' (2000) दाखवा. मुख्य गोष्ट बाहुल्यांची आहे, पण दाखले (येशूने सांगितलेल्या बोधकथा) आणि आठवणी आल्या की हाताने काढलेली चित्रं सुरू होतात. समोर घडतंय की कोणी सांगतंय-आठवतंय, हे मुलांना न सांगता कळतं. येशूने जिवंत केलेल्या याइराच्या मुलीला त्यांनी नाव दिलंय, मार्कच्या शुभवर्तमानात ते नाही. तेवढं सांगून ठेवा.

संडेस्कूलवाली:
काल करून पाहिलं. आधी निर्गम 2 वाचला, मग सिनेमाचा तेवढाच भाग लावला, हातात पेन्सिली दिल्या आणि म्हटलं फरक शोधा. गलका नुसता! मार्कासाठी भांडलेल्या मुलीनेच सर्वात जास्त काढले, अकरा. त्यातले दोन चुकीचे, पण या वेळी मी पूर्ण मार्क दिले.

वर्ग सुटल्यावर ती थांबली. "टीचर, मोशेने आधी इकडेतिकडे बघितलं ना? म्हणजे त्याला माहीत होतं की हे चूक आहे."

मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी तिसरा अध्याय घेतेय, जळत्या झुडपाचा. सिनेमा नाही लावणार.