धुऱ्यापासून मिरवणुकीपर्यंत : गावातली भांडणं मिटवताना आलेले अनुभव

गेल्या महिन्यात आमच्या गावात दोन चुलत भावांमधला धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद मिटला. अकरा वर्षं चालला होता. जागा साडेतीन हात, पण तिच्यापायी दोन लग्नांत पंगती वेगळ्या बसल्या आणि एकदा पोळ्याच्या तोरणाखाली काठ्या निघाल्या. शेवटी दोघांनी सरकारी मोजणीची फी निम्मी-निम्मी भरली. एवढंच ठरायला पाच महिने लागले, कारण अर्जावर पहिली सही कोणाची यावर गाडी अडायची. सही करणारा तो भांडखोर, असं गाव म्हणणार!

मोजणी झाली, खुणेचा दगड रोवायला खड्डा हवा होता. थोरल्यानं सब्बल घेतली. धाकटा काही न बोलता घरून फावडं घेऊन आला. माती काढता काढता ती थोरल्याच्या पायावर पडायला लागली, तसा धाकटा म्हणाला, "सरक ना दादा." अकरा वर्षांतलं पहिलं बोलणं ते. मी आणि पोलीस पाटील बाभळीखाली उभे होतो. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं, कारण आम्हा दोघांचेही डोळे भरले होते.

मी वर्धा जिल्ह्यातली, तंटामुक्ती समितीत सहा वर्षं सदस्य आहे. २००७ च्या १५ ऑगस्टला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. पुढे आमच्या गावाला बक्षीस मिळालं, वेशीवर पाटी लागली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं समितीची धड बैठक झाली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. भांडणं काही थांबली नव्हती.

माझ्या आजीकडे मातीचं एक गाडगं होतं, त्याला ती सर्वोदय पात्र म्हणायची. विनोबांनी १९५७ मध्ये शांतता राखणाऱ्या स्वयंसेवकांची शांतिसेना उभी केली, तिच्यासाठी घरोघरी असं पात्र ठेवायची रीत होती. रोज घरातल्या लहान लेकराच्या हातून मूठभर धान्य त्यात पडायचं. आमच्याकडे ते काम माझ्या वडिलांचं. एके दिवशी त्यांना ताप होता म्हणून आजोबांनी ज्वारी टाकली, तर आजीनं ती परत काढायला लावली आणि गाडगं खाटेपाशी नेलं. तंट्याचा अर्ज आला की धावायचं, एरवी आपापल्या कामात, ही आमची आजची पद्धत मला त्या गाडग्यापुढे फार अपुरी वाटते.

म्हणून हा धागा. तुमच्या गावात भांडण मिटवायला कोण बसलं, कुठे बसलं, काय जमलं आणि काय फसलं ते लिहा. फसलेलं तर नक्की लिहा. फक्त माणसांची आणि गावांची नावं टाकू नका. मिटलेलं भांडण चारचौघांत नाव वाचून पुन्हा पेटलेलं मी पाहिलं आहे.

कास्तकार, यवतमाळ जिल्हा

ताई, तुमचा धुरा, आमची पांदण, म्हणजे वावरात जायची वाट. चाळीसेक कास्तकारांची वावरं त्या एका पांदणीवर. नकाशात चांगली रुंद, जाग्यावर मात्र बंडी जायची मारामार. दोन्हीकडून दरवर्षी नांगराचं एकेक तास आत सरकत आलं. पावसाळ्यात सोयाबीनचे पोते डोक्यावर आणले आहेत आम्ही, गुडघाभर चिखलातून.

आधी तहसीलदारांकडे गेलो. इतरांच्या कामी येईल म्हणून सांगतो : वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ लागतं. वावरात जायला रस्ताच नाही आणि धुऱ्यावरून मागायचा आहे, तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३. आमच्याकडे लोक या दोहोंचा घोळ करतात आणि वर्ष वाया जातं.

आदेश आमच्या बाजूनं लागला. जेसीबी घेऊन गेलो तर त्या वावरवाल्याची म्हातारी माय जेसीबीपुढे येऊन बसली. परत फिरलो.

मग आम्ही तिघं रात्री त्याच्या घरी गेलो, आदेशाचा कागद घरी ठेवून. चहा झाला. तो म्हणाला, "भाऊ, माही तूर उभी हाय थितं. शेंगा भरल्यावर तुमी मशीन आनता, मंग माय बसनच ना." खरं होतं त्याचं. आम्ही कलम पाहिलं, हंगाम पाहिला नाही. त्याला म्हटलं, तूर काढून घे, मग बोलू. तूर निघाली आणि त्यानं स्वतःहून कुंपणाच्या काट्या काढल्या. मुरमासाठी एकरामागे वर्गणी ठरली, पहिले पैसे त्याचेच आले. तेव्हापासून कोणत्याही वादात मी आधी विचारतो, वावरात काय उभं आहे?

निवृत्त शिक्षक, अमरावती जिल्हा

गुरुकुंज मोझरी आमच्याच जिल्ह्यात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाच्या वतीनं रोज संध्याकाळी होते. बसायचा नियम एकच, जो आधी आला तो पुढे. सरपंचाला वेगळी जागा नाही.

ग्रामपंचायतीच्या एका निवडणुकीनंतर गाव असं फाटलं की हरलेल्या पॅनलचे लोक जिंकलेल्यांच्या चक्कीवर दळण नेईनात, जिंकलेले हरलेल्यांच्या मयतीला जाईनात. मयतीचं मला फार लागलं. चार खांदेकरी मिळायला वाट पाहावी लागावी, हे आमच्या गावात कधी झालं नव्हतं.

मंडळाच्या जुन्या सचिवांनी कोणाला उपदेश केला नाही. प्रार्थनेनंतर फक्त सांगायचे, "उद्या अमक्यांकडे तेरवी आहे, प्रार्थना तिथंच होईल." सतरंजी, खंजिरी, पेटी उचलून सगळे त्या घरी. सरपंच पहिल्यांदा आले तेव्हा अंगणाबाहेर थबकले. घरच्या सुनेनं पाण्याचा गडवा आणून दिला, मग आत आले. पुढच्या निवडणुकीत पॅनल पुन्हा पडले, बोलाचाली पुन्हा झाल्या. मयतीवरचा बहिष्कार मात्र परत आला नाही.

अंगणवाडी सेविका, भंडारा जिल्हा

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

खैरलांजी आमच्या जिल्ह्यातलं. २९ सप्टेंबर २००६ ला तिथं एकाच दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. मी नववीत होते. त्यानंतर दोन वर्षं आईनं मला संध्याकाळी एकटं शिकवणीला जाऊ दिलं नाही. बोलत काही नव्हती, नुसती सोबत यायची आणि बाहेर ओट्यावर बसून राहायची.

म्हणून "गावात शांतता आहे" असं कोणी म्हटलं की मी आधी पाहते, गप्प कोण बसलं आहे. आमच्या गावात १४ एप्रिलची मिरवणूक आमच्या मोहल्ल्यातून निघून मोहल्ल्यातच संपायची. आम्ही मुख्य रस्त्यानं न्यायची म्हटलं की बैठक व्हायची आणि बैठकीत ठरायचं, "यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू." चार वर्षं हेच. दरवर्षी ते रजिस्टरमध्ये "सामोपचारानं मिटलं" म्हणून लिहिलं जायचं. आमची सही पण असायची त्यावर.

आणखी एक सांगते. आमच्या एका मुलाला जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाली, तेव्हा समितीतले काही जण घरी आले, "घरातलं भांडण आहे, घरातच मिटवू." ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा आहे. असा गुन्हा समितीनं मिटवायचा नसतोच. आम्ही तक्रार दिली. सहा महिने आम्हाला कोणी मजुरीला बोलावलं नाही.

पाचव्या वर्षी आम्ही बायकांनी ठरवलं, समितीपुढे न जाता घरोघर जायचं. मुख्य रस्त्यावरच्या प्रत्येक दारात आम्ही दोघी-दोघी गेलो आणि सांगितलं, अमुक वाजता निघणार, इतका वेळ लागणार, तुमच्या लेकरांची परीक्षा असेल तर त्या वळणावर बाजा बंद ठेवू. काहींनी दार उघडलं नाही. एका काकांनी मात्र खरंच मुलीच्या अभ्यासाची वेळ सांगितली, ती आम्ही पाळली. पोलिसांना रीतसर पत्र दिलं. मिरवणूक त्या रस्त्यानं बारा मिनिटांत गेली. बहुतेक दारं बंद होती. ते काका ओट्यावर उभे होते, हात जोडून, एकटेच. दुसऱ्या वर्षी तीन ओट्यांवर माणसं होती. गेल्या वर्षी मी मोजायचं विसरले.

धागाकर्ती, वर्धा

ताई, रागाचा प्रश्नच नाही. "यंदा राहू द्या" हे शब्द मी स्वतः आमच्या समितीत दोनदा वापरले आहेत, दोन्ही वेळा कमजोर बाजूलाच. तेव्हा वाटलं होतं समजूतदारपणा केला. तुमचं वाचून काल रात्री जुनं रजिस्टर काढून बसले. त्यातल्या एका घरी उद्या जाणार आहे.

ग्रामसभेचा सदस्य, गडचिरोली जिल्हा

आमच्याकडे मेंढा-लेखाचं उदाहरण डोळ्यासमोर. "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. २००९ मध्ये त्यांना जंगलाचे सामूहिक हक्क मिळाले, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पण आम्ही त्यांच्याकडून शिकलो ती मुख्य गोष्ट म्हणजे सर्वसहमती. हात वर करून मोजणी नाही. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय थांबतो आणि पुन्हा बसायचं.

सोपं नाही हो हे. तेंदूच्या पैशाच्या वाटपावर आमची सभा तीनदा उठली, कारण एक म्हातारी "नाही" म्हणत होती. तरुण चिडले. एक जण म्हणाला, एका बाईसाठी सगळ्यांनी थांबायचं का? तिसऱ्या वेळी कोणीतरी तिला गोंडीत नीट विचारलं. ती म्हणाली, पानं तोडतो आम्ही, पुडे बांधतो आम्ही, पैसे घेतो नवरा. माझे पैसे माझ्या हातात द्या. त्या सभेत बायका पहिल्यांदा पुढे सरकून बसल्या. आता मजुरी तोडणाऱ्याच्या खात्यात जाते. मतदान घेतलं असतं तर ती पहिल्याच दिवशी हरली असती आणि घराघरातलं भांडण तसंच राहिलं असतं.

बचतगटातली, चंद्रपूर जिल्हा

फसलेलं लिहा म्हटलं म्हणून लिहिते. आमच्या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, २०२१ मध्ये उठली. बंदीतही चोरून मिळायची, हे खोटं नाही. पण दुकान उघडल्यावर चौकात रोज संध्याकाळी जे सुरू झालं ते वेगळंच. आमच्याकडे भांडण म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा दारू.

आम्ही सह्या गोळा करून बाटलीचं मतदान मागितलं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. अट अशी की यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत, नुसत्या मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. तारीख आली ती ऐन कापूस वेचणीतली. सकाळी सातला बायका गाड्यांत बसून वेचायला गेल्या. एक दिवसाची मजुरी कोण बुडवणार? पडलेली मतं जवळपास सगळी आडवी, तरी अठरा कमी पडली. त्या रात्री दुकानासमोर फटाके फुटले. मी जेवले नाही.

आयटीआयचा विद्यार्थी, बुलडाणा जिल्हा

माझा अनुभव छोटा आहे. २०१८ च्या पावसाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज प्रत्येकाच्या मोबाईलवर होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावानं पाच भटक्या माणसांना ठार मारलं. त्याच आठवड्यात आमच्या गावात दोन नाथजोगी आले. पारावरच्या पोरांनी फोन काढले, शूटिंग सुरू, माणसं जमायला लागली.

आमचं घर पारासमोर. माझी आई बाहेर आली आणि त्या दोघांना म्हणाली, "या बापू, ओसरीत बसा." चटई टाकली, ताटलीत भाकर आणि पिठलं आणलं. ते जेवायला बसले आणि गर्दी कशी थांबली ते मी पाहिलं. जेवणाऱ्या माणसावर हात कसा टाकणार? तेवढ्या वेळात मी पोलीस पाटलांना आणलं. त्यांनी दोघांचं गाव विचारून तिथल्या पोलीस पाटलांना फोन लावला. ओळख पटली. त्यातला म्हातारा भाकरी तशीच हातात धरून बसला होता, घास तोंडात जात नव्हता. त्याचा हात मला अजून दिसतो.

नंतर आम्ही मित्रांनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नियम केला : असा मेसेज आला की पुढे पाठवायचा नाही, आधी पाटलांना फोन. पहिला मेसेज मी स्वतः त्यांना दाखवला, कारण दोन दिवसांपूर्वी तो मीच पुढे पाठवला होता.

कास्तकार, यवतमाळ जिल्हा

चंद्रपूरच्या ताई, अठरा मतं म्हणजे काहीच नाही. पुन्हा करणार ना? यावेळी वेचणी संपल्यावरची तारीख मागा.

बचतगटातली, चंद्रपूर जिल्हा

करणार, दादा. पण तारखेच्या आधी यादी धरली आहे. लग्न होऊन गेलेल्या मुलींची, वारलेल्या बायकांची नावं अजून आमच्या यादीत आहेत आणि ती सगळी आमच्या विरोधातच मोजली गेली. आता रोज जेवणं आटोपल्यावर आम्ही पाच जणी मंदिरात बसतो आणि घरोघरी विचारून आणलेल्या माहितीवरून नमुना ७, म्हणजे यादीतून नाव काढायचा अर्ज, भरतो. कालपर्यंत एकतीस झाले. माझ्या सासूबाईंचा मीच भरला.